दुबईचा एक दिवस: सकाळ खाडीवर, संध्याकाळ मॉलमध्ये

गोव्यात क्वचितच एखादं घर असेल, ज्यातलं कोणी ना कोणी गल्फमध्ये नाही. त्यामुळे कुटुंब घेऊन पहिल्यांदा परदेशी निघायचं म्हटलं की दुबईचंच नाव निघतं. चार दिवसांच्या दौऱ्यात एक दिवस वाळवंट, एक दिवस थीम पार्क आणि एक दिवस ‘सिटी टूर व शॉपिंग’ असा साचा ठरलेला असतो. त्यातल्या या शेवटच्या दिवसाचं हे परीक्षण आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: टूर-बस घेऊ नका. मेट्रो आणि अब्रा (खाडी ओलांडणारी होडी) यांवर हा दिवस निम्म्याहून कमी खर्चात होतो आणि बघायलाही जास्त मिळतं. अट एकच, की दिवसात दोनच भाग करायचे. सकाळी खाडीकाठची जुनी दुबई, संध्याकाळी बुर्ज खलिफा आणि दुबई मॉल. तिसरा भाग घुसडला की म्हातारी माणसं आणि लहान मुलं चारच्या सुमाराला बसकण मारतात, आणि पुढचा दिवस सगळ्यांचा चिडचिडीत जातो.

टूर-बसचा मुख्य दोष म्हणजे ‘फोटो स्टॉप’. बुर्ज अल अरब बाहेरून दहा मिनिटं, पाम बेटावरचं अटलांटिस हॉटेल बाहेरून दहा मिनिटं, जुमेरा मशीद बाहेरूनच. पाच-सहा हॉटेलांतून माणसं उचलण्यात पहिला तास जातो. शेवटी बस जिथे थांबते ते दुकान सहसा बसवाल्याच्या सोयीचं असतं, तुमच्या नव्हे.

मेट्रोसाठी प्रत्येकाला वेगळं नोल कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, लागतं. एकाच कार्डावर दोघं जात नाहीत. चंदेरी कार्ड २५ दिरहमला मिळतं, त्यात १९ दिरहम प्रवासासाठी असतात. दारातून आत जाताना कार्डात किमान साडेसात दिरहम लागतात, नाहीतर फाटक उघडत नाही, आणि हे सहसा मागे पन्नास माणसं उभी असतानाच कळतं. स्टेशनच्या खिडकीवर २०२४ पासून एका वेळी किमान ५० दिरहम भरावे लागतात, म्हणून थोडे पैसे भरायचे असतील तर यंत्र गाठा. भाडं एका झोनला ३, दोन झोनला ५ आणि त्यापुढे साडेसात दिरहम. दिवसभरात कितीही फिरलात तरी चंदेरी कार्डातून १४ दिरहमच्या वर कापलं जात नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. लाल कागदी तिकीट दोन दिरहमला मिळतं म्हणून स्वस्त वाटतं, पण त्यावर दर फेरीला एक दिरहम जास्त पडतो.

मेट्रोत दंड बऱ्याच गोष्टींना होतो आणि त्यातल्या तीन आपल्या माणसांच्या सवयीच्या आहेत. डब्यात खाणंपिणं, अगदी च्युइंगगम चघळणंसुद्धा, जास्त भाड्याच्या गोल्ड क्लासच्या डब्यात चुकून शिरणं, आणि पुरुषाने बायका-मुलांच्या भागात उभं राहणं. प्रत्येकाला १०० दिरहम. बायका-मुलांचा भाग जमिनीवरच्या गुलाबी पट्टीने दाखवलेला असतो आणि गर्दीत ती पट्टी पायाखाली झाकली जाते. म्हणून फलाटावर चढायच्या आधीच दारावरची पाटी वाचा. रविवारी मेट्रो सकाळी आठला सुरू होते, इतर दिवशी पाचला.

सकाळची सुरुवात ग्रीन लाइनवरच्या शरफ डीजी स्टेशनापासून करा. जुन्या नकाशांवर याच स्टेशनाचं नाव अल फहिदी आहे, त्यामुळे गोंधळ होतो. तिथून चालत दहा-बारा मिनिटांवर अल फहिदीचा जुना मोहल्ला लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इराणातल्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवला म्हणून त्याला बस्तकिया असंही म्हणतात. घरांवरचे चौकोनी मनोरे म्हणजे बारजील. चारही बाजूंचा वारा पकडून खालच्या खोलीत सोडायची ही सोय विजेच्या आधीची. शेजारचा अल फहिदी किल्ला १७८७ चा, शहरातली सर्वांत जुनी उभी इमारत. गल्ल्या अरुंद आणि सावलीच्या आहेत, पण नऊनंतर ऊन आत उतरतं. मे ते सप्टेंबर या काळात पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा हा भाग साडेनऊच्या आत आटपायचा किंवा सोडून द्यायचा. खरा मोसम नोव्हेंबर ते मार्च.

पुढे खाडीच्या काठाने कापडबाजारातून जावं लागतं. इथे एक उपद्रव आहे. विक्रेते पुरुषांच्या डोक्याला फेटा गुंडाळतात, बायकांच्या खांद्यावर शाल टाकतात आणि मग सोडत नाहीत. हात खिशात ठेवून न थांबता चालत राहणं हाच उपाय. ‘नको’ म्हणायला थांबलात की संपलात. पश्मिना म्हणून जी शाल दाखवतात ती बहुतेक वेळा व्हिस्कोसची असते.

आणि मग अब्रा. या दिवसातली ही सर्वांत चांगली गोष्ट, आणि सर्वांत स्वस्तही. लाकडी होडी, मधोमध पाठीला पाठ लावून बसायचा बाक, वीसेक माणसं बसली की सुटते आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे, डेरा भागाच्या काठाला लागते. पणजी-बेतीच्या फेरीबोटीत पायी माणसाला पैसे पडत नाहीत, इथे माणशी एक दिरहम. तो रोख द्यायचा, म्हणून सुट्टी नाणी आधीच काढून ठेवा. होडीला कठडा नाही. मुलांना दोन मोठ्या माणसांच्या मध्ये बसवा आणि चढता-उतरताना होडी धक्क्याला टेकेपर्यंत उठू देऊ नका. तासाच्या भाड्याने अख्खी अब्रा घ्या म्हणून दलाल मागे लागतात. त्याची गरज नाही. खाडी बघायचीच असेल तर पुन्हा एक दिरहम देऊन उलट फेरी मारा.

डेराला उतरलं की समोरच मसाल्यांचा बाजार. इथे लवंग, वेलची, जायफळ घेऊ नका. जायफळ फोंड्याच्या कुळागरांत पिकतं, ते डेराहून बांधून आणण्यात काय अर्थ? घ्यावं ते केशर आणि सुकं लिंबू. केशरात फसवणूक मोठी आहे, करडईच्या पाकळ्या केशर म्हणून विकतात. चार काड्या थंड पाण्यात टाकून बघायला सांगा. खरं केशर हळूहळू पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते. पाण्याला लगेच तांबडा रंग आला आणि काडी फिकी पडली, तर उठा. पहिला सांगितलेला भाव दुप्पट असतो, निम्म्यापासून बोलायला सुरुवात करायची. खजुराला मात्र इथे येऊ नका. हायपरमार्केटमध्ये तोच खजूर छापील दराने, तारखेसह मिळतो.

सोनेबाजार तिथून चालत दहा मिनिटांवर. मुलांना आधी एका दुकानाच्या काचेतली नज्मत तैबा दाखवा. २१ कॅरेटची ही अंगठी जवळपास ६४ किलोची आहे आणि गिनीज बुकात तिची नोंद आहे. बघायला पैसे नाहीत. त्यानंतर मुलांना घेऊन एक जण बाहेर बाकावर बसावा, कारण खरेदीला वेळ लागतो.

सोन्याच्या व्यवहारात तीन आकडे वेगवेगळे मागायचे: त्या घडीचा दर, घडणावळ आणि व्हॅट. दर शहरभर एकच असतो, दुकानात पाटीवर लावलेला असतो आणि त्यात घासाघीस होत नाही. घासाघीस होते ती फक्त घडणावळीत. ‘एकूण इतके दिरहम’ असा एकच आकडा सांगणाऱ्या दुकानातून बाहेर पडा. घडणावळ ग्रॅमवर आहे की टक्क्यावर ते विचारा. साध्या साखळीला, बांगडीला ती कमी बसते आणि नक्षीकामाला, कोलकाता पद्धतीच्या दागिन्याला चढत जाते. खडे असतील तर खड्यांचं वजन वजा करून सोन्याचं वजन बिलावर लिहून घ्या. इथेच सर्वांत जास्त पैसे जातात, कारण काचेचा खडा सोन्याच्या भावाने मोजला जातो. बिलावर कॅरेट, निव्वळ वजन, दर आणि घडणावळ स्वतंत्र ओळींत हवी.

मुळात दुबईत सोनं घ्यावं का? भारताने २०२४ च्या जुलैत सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं, तेव्हापासून पूर्वीसारखा फरक उरला नाही. पुरुषाला २० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅम दागिन्यांची जी सवलत सगळे छातीठोकपणे सांगतात, ती परदेशात एक वर्षाहून जास्त राहून परतणाऱ्यांसाठी आहे. चार दिवस फिरून आलेल्याला ती लागू नाही. शिवाय दुबईच्या दागिन्यावर भारतीय हॉलमार्कचा एचयूआयडी क्रमांक नसतो, त्यामुळे उद्या मोडायला नेलात तर गावचा शेट तो आधी कसाला लावणारच. नक्षी आवडली, लग्नासाठी वेगळा नग हवा, तर जरूर घ्या. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर मडगावातच घ्या.

बाजारातली बरीच दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात आणि शुक्रवारी सकाळी बाजार जवळपास झोपलेलाच असतो. ‘वॉच, बॅग, कॉपी’ असं कानाशी कुजबुजत जिन्याने वर नेणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. वर खोली बंद करून दाखवलेला माल नकली असतो आणि तो विकणं तिथे गुन्हा आहे.

जेवायला अब्राने परत बर दुबईला, म्हणजे सकाळच्या काठाला या. मीना बाजारच्या आसपास गुजराती थाळीपासून केरळच्या मासळीपर्यंत सगळं मिळतं. कबाब आवडत असतील तर अल फहिदीजवळचं अल उस्ताद हे १९७८ पासूनचं इराणी हॉटेल चांगलं, भिंती फोटोंनी भरलेल्या आहेत. जेवल्यावर दोन तास हॉटेलवर आडवं व्हा. हा सल्ला लोकांना आळशीपणाचा वाटतो, पण संध्याकाळचं चालणं सकाळपेक्षा जास्त आहे.

मॉलसाठी चारच्या आत निघा. त्यानंतर रेड लाइन ऑफिस सुटलेल्या माणसांनी भरते. ग्रीन लाइनने बर जुमान, तिथे गाडी बदलून बुर्ज खलिफा/दुबई मॉल. सोनेबाजाराजवळच्या अल रासहून निघालात तरी युनियनच्या बाजूला न जाता बर जुमानलाच बदला, फेरा वाचतो. स्टेशन मॉलच्या नावाचं असलं तरी मॉल तिथे नाही. सरकत्या पट्ट्यांचा बंदिस्त पूल ओलांडायला पंधरा मिनिटं लागतात. गुडघेदुखी असलेल्यांना थेट टॅक्सीने मॉलच्या दाराशी सोडा.

मॉलमध्ये खरेदीसाठी जाऊ नका. बाराशेच्या वर दुकानं आहेत आणि भारतात मिळणारे ब्रँड तिथे स्वस्त नाहीत. फुकट बघण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. मत्स्यालयाची भलीमोठी काच तिकीट न काढताही समोर उभं राहून बघता येते, आणि आतल्या बोगद्याच्या तिकिटात त्याहून फार जास्त मिळत नाही. डायनासोरचा सांगाडा, सूर मारणाऱ्या पुतळ्यांचा धबधबा, बर्फाचं मैदान. वातानुकूलन कडक असतं, आजीसाठी शाल ठेवा.

८२८ मीटरच्या बुर्ज खलिफाचं १२४ आणि १२५ व्या मजल्यांचं तिकीट ऑनलाइनच काढा, वेळ ठरवून. सूर्यास्ताची वेळ सर्वांत महाग. उन्हाळ्यात हवेत धूळ असते आणि वरून करड्या रंगाखेरीज काही दिसत नाही, तेव्हा पैसे वाचवा. मॉलबाहेरचं कारंजं खालूनच चांगलं दिसतं. अंधार पडल्यावर दर अर्ध्या तासाला, पाचेक मिनिटांचा खेळ. एक खेळ सुटला तर धावू नका, जागेवरच थांबा. माणसं पांगतात आणि पुढच्या खेळाला पहिली रांग मिळते.

घरून निघताना एक गोष्ट तपासा: खसखस. यूएईत तिच्यावर बंदी आहे. शाकुतीचा घरगुती मसाला आणि अनारसे, दोन्हींत खसखस असते, आणि गल्फमधल्या भावासाठी पिशवीत नेमकं हेच दिलं जातं. कोडीन असलेली खोकल्याची औषधंही परवानगीशिवाय नेऊ नका. अंगावर जड दागिने असतील तर जाताना गोव्याच्या विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, नाहीतर येताना ते तुमचेच होते हे सिद्ध करत बसावं लागतं. तिकिटावर दाबोळी आहे की मोपा, हेही नीट वाचा. काणकोणच्या माणसाला त्यात दोन तासांचा फरक पडू शकतो.

व्हॅटचा परतावा घेतल्याशिवाय दुबई सोडू नका. खरेदी २५० दिरहमच्या वरची हवी, दुकान योजनेत नोंदलेलं हवं आणि बिल करतानाच पासपोर्ट दाखवायला हवा. बिल झाल्यावर मागितलं तर बहुतेक दुकानं टाळाटाळ करतात. परत मिळतो तो व्हॅटचा ८५ टक्के भाग, दर बिलामागे ४.८० दिरहम वजा करून. म्हणजे ५,००० दिरहमच्या खरेदीवर २५० व्हॅट, त्यातले २०७.७० हातात. विमानतळावर ही नोंद बॅगा चेक-इन करण्याआधी करायची असते, कारण वस्तू दाखवायला सांगतात. बॅग गेली की परतावाही गेला. यासाठी अर्धा तास जास्त धरून निघा. ड्यूटी फ्रीच्या दारूत मात्र वेळ घालवू नका, ती गोव्यात उतरून घेतलेली बरी.