आठ महिन्यांचे सांगून विकलेले बोकड

आम्ही ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर नावाच्या भागातले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असं चार पिढ्या चाललंय. त्यामुळे बाहेर कुणी अचानक मराठीत बोललं की माझं मन लगेच सैल होतं. या सगळ्या प्रकरणात मी पहिली चूक केली ती इथेच.

यजमान निवृत्त झाल्यावर डबरा गावाकडच्या जमिनीत गोठा बांधून बोकड पाळायचं ठरवलं. मार्चमध्ये घ्यायचे, तीन महिने नीट खुराक द्यायचा आणि बकरीदच्या आधी विकायचे, असा हिशेब होता. मोबाइलवर एकाचा व्हिडिओ दिसला. भिंड रस्त्यावर त्याचा गोठा, मागे विटांची भिंत, एक निळं पिंप आणि पुढे रांगेत बांधलेले उंच, लांब कानांचे बोकड. फोन केला. माझं आडनाव ऐकलं आणि तो मराठीत बोलायला लागला. “काकी, आपल्या माणसाला फसवून मी कुठे जाणार?” हे वाक्य त्याने त्या दिवशी तीनदा म्हटलं, आणि तिन्ही वेळा मला ते खरं वाटलं.

गोठ्यावर गेल्यावर त्याने आधी जनावरं दाखवली नाहीत. चहा दिला आणि जपानच्या वाग्यू गुरांचा व्हिडिओ लावला. त्या मांसात लाल भागात पांढऱ्या चरबीची बारीक जाळी असते. तो म्हणाला, हे वंश आणि खुराक या दोन गोष्टींमुळे होतं. जमनापारी जातीच्या शेळ्यांचा वंश मी देतो, खुराकही मीच देतो. तीन महिन्यांत तुमच्या बोकडांचं मटण असंच होईल.

यातली वाग्यूची गोष्ट खोटी नाही, म्हणून तर मी फसले. त्या गुरांच्या वंशातच मांसाच्या धाग्यांमध्ये चरबी साठवण्याचा गुण असतो. त्यांना कित्येक महिने धान्याचा खुराक देतात आणि साधारण अडीच वर्षांची झाल्यावरच कापतात. वंश नसेल तर नुसत्या खुराकाने ती जाळी येत नाही. खुराक आणि वेळ दिला नाही तर वंशाचाही उपयोग होत नाही. पण शेळीचं शरीर वेगळं आहे. तिची चरबी आधी पोटात जमते, मूत्रपिंडाभोवती आणि आतड्यांवर. कितीही भरडा चारला तरी बोकडाच्या मांसात जपानी गुरासारखी जाळी होत नाही. एका जनावराबद्दलचं खरं दुसऱ्याच्या नावावर विकलं जात होतं, आणि मी मान डोलावत होते.

मग बोकड आणले. नऊ होते. त्याचं म्हणणं, इटाव्याहून आणलेले शुद्ध जमनापारी, वय आठ महिने, सरासरी वजन 32 किलो. आठ महिन्यांत 32 किलो म्हणजे जन्माचे साडेतीन किलो सोडले तर रोज सव्वाशे ग्रॅमच्या जवळपास वाढ. आकडा ऐकून यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “वंशच तसा आहे ना.”

आता आठवतं की एका बोकडाच्या तोंडाभोवती मिठाचे पांढरे खडे चिकटले होते. हनुवटीची दाढी ओली होती, आणि त्या निळ्या पिंपाखालची जमीन चिखलाने काळी पडली होती. मी मिठाचे खडे बघून उलट खूश झाले, की हा माणूस जनावरांना चाटण मीठ देतो. तराजू समोरच होता आणि काट्यात काहीच खोट नव्हती. 288 किलो भरले. 620 रुपये किलोने 1,78,560 रुपये दिले. वर ‘खास खुराकाची’ सहा पोती, 2,200 रुपयांना एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शेतातल्या काट्यावर परत वजन केलं. 254 किलो. रात्रभर गोठ्यात मूत वाहत होतं ते कशामुळे, हे तेव्हा उमगलं. फोनवर तो म्हणाला, “काकी, गाडीत वजन घटतंच.” घटतं, हे खरं आहे. पण दीड तासाच्या प्रवासात जनावरामागे पावणेचार किलो? मीठ चारून पाणी पाजायचं आणि ते पाणी मटणाच्या भावाने विकायचं, असा तो धंदा. चौतीस किलो पाण्याचे मी 21,080 रुपये मोजले.

पाचव्या दिवशी दोन बोकड खाली बसले ते उठेनात. डावी कूस ढोलासारखी टणक, दात करकर वाजत होते, लेंड्यांच्या जागी आंबट वासाची पातळ घाण. सरकारी पशुवैद्य धावत आले. त्यांनी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजला, सलाईन लावलं. एक वाचला, एक पहाटे गेला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी त्याला पैशासाठीच आणलं होतं, तरी ते मला अजून सहन होत नाही.

डॉक्टरांनी पोतं उघडून मूठभर भरडा हातावर घेतला. मक्याचं पीठ, भाताचा तूस आणि मीठ. पोत्यावर ना कारखान्याचं नाव, ना तारीख, ना प्रथिनं किती याचा आकडा. ते म्हणाले, शेळीच्या पोटात चारा पचवणारे जंतू असतात. पाला-भुशावर वाढलेल्या जनावराला एकदम पीठ दिलं की पोटात आम्ल वाढतं आणि ते जंतूच मरतात. खुराक मुठीमुठीने, दोन-तीन आठवडे घेऊन वाढवायचा असतो. विकणाऱ्याने सांगितलं होतं, पहिल्या दिवसापासून किलोभर द्या.

मग त्यांनी एका बोकडाचा खालचा ओठ ओढला आणि मला जवळ बोलावलं. खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात. आठ महिन्यांच्या करडाचे आठही दुधाचे, बारीक आणि टोकदार. इथे मध्ये चार दात रुंद, म्हणजे पक्के होते. म्हणजे चारदाती, दोन वर्षांच्या आसपास. आठही बोकडांचे ओठ ओढले. सहा चारदाती, दोन दोनदाती. दोन वर्षांत 32 किलो म्हणजे रोज चाळीस ग्रॅमही वाढ नाही. वंशाची करामत म्हणून मी जिला भुलले ती नुसती वयाची गोष्ट होती. आणि वय वाढलं की मटण चिवट होतं, शिजायला वेळ घेतं. ते तीन महिन्यांच्या खुराकाने परत कोवळं होत नाही.

वंशही शुद्ध नव्हता. जमनापारीचं नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार असतं, कान लांब आणि दुमडलेले, मागच्या मांड्यांवर लांब केसांचे झुपके. आमच्यातल्या पाचांची नाकं सरळ होती, आणि झुपके तर एकालाही नव्हते. विचारलं होतं तेव्हा म्हणाला, “उन्हाळा ना काकी, कापलेत.” सोबत शिक्क्याचा कागद दिला होता, त्यावर कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं नाव. ती संस्था जातीची नोंद करते. तुमच्या गोठ्यातला अमुक बोकड शुद्ध आहे असा दाखला त्या नोंदीतून निघत नाही.

जमनापारी खरोखर बघायचे असतील तर आग्र्याच्या पुढे, मथुरा जिल्ह्यात मखदूमला केंद्रीय बकरी संशोधन संस्था आहे, 1979 पासून. जमनापारी आणि बारबरी या दोन्ही जातींचे कळप तिथे आहेत. घेण्याआधी एक दिवस काढून मी तिथे गेले असते तर! इथून फार लांबही नाही.

आता मी पर्समध्ये शिंप्याची टेप ठेवते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. साधारण किलोत वजन येतं. आमच्यातल्या एकाचा घेर 27, लांबी 26. उत्तर 28.7 किलो आलं. शेजारच्या शेतातल्या काट्यावर तो 29 भरला होता, विकणाऱ्याच्या काट्यावर 33. पाण्याने पोट फुगतं, छाती फुगत नाही. जनावर संध्याकाळपासून उपाशी ठेवायला सांगून सकाळी तुमच्यासमोर तोलून घ्या. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. बोकडाची आई दाखवायला सांगा. ओठ स्वतःच्या हाताने ओढा, विकणारा मराठी बोलत असला तरी.

पोलिसांत अर्ज दिला आहे. त्याचा तो नंबर बंद आहे. गेल्या आठवड्यात दुसऱ्याच नावाने नवा व्हिडिओ आला. मागे तीच विटांची भिंत, तेच निळं पिंप. रांगेत बारा बोकड आहेत, आणि सगळे आठ महिन्यांचे आहेत म्हणतोय.