करारात 'पावसाळी दिवस वगळून' असं लिहिलंय का? मग सही करायच्या आधी हे वाचा

घर बांधायला काढलं तेव्हा मला वाटायचं की कॉन्ट्रॅक्टर फसवतो म्हणजे सळई कमी टाकतो, सिमेंट खातो, नाहीतर ॲडव्हान्स घेऊन गायब होतो. आमच्याकडे यातलं काहीच झालं नाही. माणूस फोन उचलायचा, गोड बोलायचा, सळई ड्रॉइंगप्रमाणे टाकली. त्याने मला गंडवलं ते एका शब्दात, आणि तो शब्द होता 'दिवस'.

करारातलं वाक्य असं होतं: 'सदर काम २४० कामाच्या दिवसांत पूर्ण करण्यात येईल, पावसाळी दिवस व नैसर्गिक आपत्ती वगळून.' मी २४० ला ३० ने भागलं आणि मनात आठ महिने पक्के केले. तोही तोंडाने आठच म्हणत होता, "ताई, आठव्या महिन्यात किल्ली हातात." आता आठवलं की स्वतःचाच राग येतो, कारण आठवड्याचे सहा कामाचे दिवस धरले तर २४० म्हणजे ४० आठवडे, म्हणजे नऊ महिन्यांच्या वर गेलं, आणि अजून सणवार, सुट्ट्या, पाऊस यातलं काही मोजलेलंच नाही. बाकीच्या दोन कोटेशनमध्ये ११ आणि १२ महिने लिहिलेले, मला वाटलं हे लोक सुस्त आहेत. त्यांनी पाऊस धरून सांगितलं होतं आणि याने वगळून, एवढाच काय तो फरक होता, पण तो कळायला मला दीड वर्ष लागलं.

काम सुरू केलं पावसाच्या तोंडावर, जेमतेम तीन आठवडे आधी. मी विचारलंसुद्धा की आता कशाला खोदताय, पाऊस झाल्यावर खोदा. तर म्हणे, "ताई, पाया निघाला की निम्मं काम झालं समजा." खोदकाम झालं, पहिल्या टप्प्याचं बिल घेतलं, आणि फुटिंगचं (खांबाखालच्या पायाचं) काँक्रीट पडायच्या आत पाऊस आला. खड्डे भरले, कडा ढासळल्या, खाली गाळ बसला. मग नवीन बिल, त्यात पाणी उपसणे, गाळ काढणे, पुन्हा खोदणे. मी म्हटलं हे तुम्ही करायचं ना, तर त्याने करार उघडून कलम दाखवलं, 'पाण्याचा उपसा व त्याअनुषंगाने येणारे काम प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे मालकाकडे राहील.' त्याअनुषंगाने! या एका शब्दात गाळ पण आला आणि दुसऱ्यांदा खोदणं पण आलं. ज्याने चुकीच्या वेळी खड्डा काढला त्यालाच त्या खड्ड्याचे दोनदा पैसे.

आणि वर आयडल चार्जेस. म्हणजे पावसामुळे काम बंद असेल तर साइटवर उभ्या असलेल्या मशीनचं आणि सेंट्रिंगच्या (स्लॅबखाली लावायच्या फळ्या-टेकूंच्या) सामानाचं रोजाचं भाडं मी द्यायचं. बिलात 'मिक्सर क्र. ३' असं व्यवस्थित लिहून ३८ दिवस लावलेले. त्याच आठवड्यात मी दुसऱ्या एका बांधकामावरून जात होते, तिथे शेडखाली मिक्सर फिरत होता, ड्रमला पोचा आलेला आणि तोंडाशी लाल ऑइलपेंटने ३. थांबून फोटो काढला. तिथल्या मालकाशी बोलले तर कळलं त्यांच्या करारात दिवसच नाहीत, थेट तारीख आहे, आणि तारीख चुकली की रोजचा दंड. म्हणजे माझी माणसं आणि माझा मिक्सर तिकडे दंड वाचवत होते आणि इकडे माझ्या नावावर 'पावसामुळे उभे' होते. कॉन्ट्रॅक्टरला फोटो दाखवला तर म्हणाला तो वेगळा तीन नंबर असेल. बरं.

माझा मावसभाऊ मोठ्या प्रोजेक्टवर बिलिंग इंजिनिअर आहे, त्याला आधीच विचारायला हवं होतं पण नातेवाइकांना कशाला त्रास असं वाटलं (हा माझा मूर्खपणा). त्याने करार वाचला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "पावसाळी दिवस म्हणजे किती मिलिमीटर?" मी म्हटलं म्हणजे काय, पाऊस पडला तो दिवस. तो हसायला लागला. भारतीय हवामान खातं 'पावसाचा दिवस' म्हणतं तो २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तर, ब्रिटनचं हवामान खातं 'वेट डे' धरतं तो १ मिलिमीटरला. ज्यांचं कामच पाऊस मोजणं आहे त्यांनासुद्धा आकडा ठरवावा लागतो आणि आमच्या करारात आकडा नाही, मोजायची जागा नाही, कोण मोजणार तेही नाही. म्हणजे कॉन्ट्रॅक्टर म्हणेल तो पावसाळी दिवस.

मग त्याने कॉन्ट्रॅक्टरकडून पावसाचं रजिस्टर मागवलं. ७४ दिवस लिहिलेले, प्रत्येक ओळीपुढे 'संततधार, काम बंद'. मावसभावाने आकडे बघायच्या आधी पानांवरून नुसता हात फिरवला आणि वही माझ्याकडे सरकवली. ७४ दिवस पावसात साइटवर राहिलेली वही म्हणे, आणि एका पानाला चिखलाचं बोट नाही, कोपरा फुगलेला नाही, शाई फुटलेली नाही, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच पेन. एका बैठकीत लिहिलेली वही होती ती.

नंतर जवळच्या हवामान केंद्राच्या रोजच्या नोंदी मिळवल्या आणि दोन रात्री जुळवत बसलो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पावसाची नोंद सकाळी ठरलेल्या वेळी घेतात आणि ती मागच्या २४ तासांची असते, त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी पडलेला पाऊस बुधवारच्या तारखेपुढे दिसतो. हे माहीत नसेल तर समोरचा माणूस तुम्हालाच खोटं पाडतो. आम्ही एक दिवस मागेपुढे त्याच्या फायद्याने धरला, तरी ७४ पैकी २.५ च्या वर पाऊस फक्त ४१ दिवस निघाला, १४ दिवस नुसती भुरभुर आणि १९ दिवस पावसाचा थेंब नाही. शिवाय ७४ पैकी १० दिवस साप्ताहिक सुट्टीचे, जे 'कामाचे दिवस' नव्हतेच, म्हणजे ते दोनदा वगळलेले.

खरा कॉन्ट्रॅक्टर काय म्हणेल तेही मावसभावाने सांगितलं, उगाच एकांगी लिहायला नको. मोठा पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी ऊन असलं तरी जमीन ओली असते, गाडी आत येत नाही, तो दिवस खरंच वाया जातो आणि प्रामाणिक माणूस तो हक्काने मागतो. आमच्या रजिस्टरमध्ये असा एकही दिवस वेगळा लिहिलेला नव्हता, कारण लिहिणाऱ्याने आकाशाकडे बघितलंच नव्हतं.

मोठ्या कामांत हे कसं करतात ते ऐकून तर डोकंच फिरलं. फिडिक संस्थेचे बांधकामाचे आंतरराष्ट्रीय नमुना करार आहेत, त्यातल्या १९९९ च्या 'रेड बुक' नावाच्या करारात मुदतवाढ मिळते ती 'अपवादात्मक प्रतिकूल' हवामानाला, नेहमीच्या हवामानाला नाही, आणि कॉन्ट्रॅक्टरने कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस द्यायची, नाही दिली तर हक्क गेला. ब्रिटनच्या एनईसी नावाच्या नमुना करारात तर करारातच नमूद केलेल्या ठिकाणी मोजलेला पावसाचा महिन्याचा आकडा जुन्या नोंदींशी ताडून बघतात, सरासरी दहा वर्षांतून एकदापेक्षा कमी वेळा येणारा असेल तरच कॉन्ट्रॅक्टरला त्यावर मुदतवाढ मागता येते. दरवर्षी येणारा पाऊस हा कॉन्ट्रॅक्टरने आधीच आपल्या वेळापत्रकात आणि रेटमध्ये धरायचा असतो. आमच्या करारात नेहमीच्या पावसाला 'नैसर्गिक आपत्ती'च्या शेजारी बसवलेलं आणि मी खाली सही ठोकलेली.

एवढ्यावर भागलं नाही. अजून एक कलम होतं, 'कालावधी पावसामुळे लांबल्यास पुढील कामास चालू बाजारभाव लागू.' म्हणजे जेवढा उशीर तेवढा त्याचा रेट वर. उशीर करायचं बक्षीसच मी लिहून दिलं होतं.

तर काम रेंगाळत रेंगाळत दुसऱ्या पावसाळ्यात गेलं आणि गंमत बघा, आता मात्र पाऊस त्याला अजिबात आडवा येईना. कारण टेरेसचं वॉटरप्रूफिंग आणि रंग झाला की मोठा हप्ता होता. दोन दिवस उघडीप मिळाली की लगेच पोरं घेऊन हजर. मावसभावाने सांगितलं थांब, स्लॅब आतून ओला आहे. त्याने पारदर्शक प्लॅस्टिकचा साधारण ४५ सेंटीमीटरचा चौकोन स्लॅबवर ठेवून चारी कडा टेपने बंद केल्या, कमीत कमी १६ तास ठेवायचा असतो, दुसऱ्या दिवशी खालच्या बाजूला दवासारखे थेंब आणि मधोमध गडद डाग. मी कॉन्ट्रॅक्टरला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, हा तर बाहेरचा घाम आहे." आणि त्यावरच मेम्ब्रेन (वॉटरप्रूफिंगचा थर) लावून मोकळा झाला, मी साइटवर नव्हते तेव्हा. उन्हं पडल्यावर आतली ओल वाफ होऊन वर आली आणि टेरेसभर फोड, पायाने दाबला की पाण्याने भरलेल्या पिशवीसारखा डुचमळायचा. खोलीतल्या रंगाचे पापुद्रे त्याच्या आधीच सुटले होते.

वॉरंटी काढली. त्यात, 'ऋतुमानामुळे येणारी ओल वॉरंटीमध्ये समाविष्ट नाही.' काम थांबवायचं तेव्हा पाऊस, काम उरकायचं तेव्हा पाऊस नाही आणि भरून द्यायची वेळ आली की परत पाऊस.

जाता जाता वाळूचं पण सांगते, कारण माल मी पुरवत होते. ओल्या दिवसांत गाडीच्या मापाने वाळू घेऊ नका, साधारण ५ टक्के ओलावा असला तरी बारीक वाळू २० ते ३० टक्के फुगते. बादलीत भरा, वरून पाणी ओता, ढवळा, बसलेली पातळी बघा. आमची एका गाडीची बादली जवळजवळ पाव भागाने खाली बसली होती. घेणार असाल तर वजनावर घ्या.

शेवटी वकिलाकडे गेलो. खोटे १९ दिवस आणि मिक्सरचा फोटो यावर आपण बोलू शकतो म्हणाले, बाकी तुम्ही सही केलेली आहे. बोलणी झाली, त्याने १९ आणि सुट्टीचे १० दिवस असे २९ दिवसांचे आयडल चार्जेस सोडले (भुरभुरीचे नाही सोडले), आणि वॉटरप्रूफिंगचा अर्धा हप्ता मी दिला नाही. वाढीव भावाने गेलेले पैसे गेले ते गेलेच.

उरलेलं काम आता दुसऱ्याला दिलंय. यावेळी करार मावसभावाने लिहिला. शेवटची तारीख कॅलेंडरची, दिवस नाहीत. पावसाचे ठरावीक दिवस त्या तारखेत आधीच धरलेले, त्याच्या वर गेले तरच मुदतवाढ, मोजणी कुठल्या केंद्राची ते नावासकट, साइटवरच्या वहीवर त्याच दिवशी संध्याकाळी दोघांच्या सह्या, नसेल तर तो दिवस धरायचा नाही. उशीर झाला तरी रेट तोच. आयडल चार्जेस नाहीत. प्लॅस्टिकचा चौकोन कोरडा निघाल्याशिवाय ना मेम्ब्रेन ना रंग.

नवीन कॉन्ट्रॅक्टर वाचत बसला बराच वेळ, मग म्हणाला, "ताई, एवढं कोणी लिहून घेत नाही हो." मी म्हटलं सही करायची नसेल तर राहू दे. तर म्हणाला तसं नाही, एक ओळ माझी पण घाला, मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी गाडी आत येत नाही, तो अर्धा दिवस धरा. मावसभावाने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्याने पेनाने तिथल्या तिथे ओळ लिहून बाजूला तिघांच्या सह्या घेतल्या.