खपाटीला गेलेल्या मँडरिनसाठी आर्टेमिया उबवणीचा संच : सात महिन्यांच्या वापरानंतर

परभणीत ७५ लिटरच्या खाऱ्या टाकीसाठी हा संच ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत चालवला. मासा मँडरिन. पोट खपाटीला गेलेलं, डोक्यामागची पाठ बसलेली. वरून पाहिलं तर डोकं रुंद आणि धड सुतळीसारखं. हा मासा दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड (बारीक जलकीटक, कवचधारी जीव) टिपत हिंडतो. छोट्या टाकीत ते लवकर संपतात आणि कोरडे दाणे त्याला खाणं वाटतच नाहीत. म्हणून हलणारं, जिवंत आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं.

संच म्हणजे उलटी बाटली, तळाला तोटी आणि हवेची नळी. जमलेलं प्रमाण : १ लिटर पाणी, २५ ग्रॅम मीठ, चिमूटभर खायचा सोडा, पाव चमचा आर्टेमियाची सुकी अंडी. एक-दोन माशांना एवढं पुष्कळ. नळी तळापर्यंत जाऊ द्या आणि एअरस्टोन (बारीक बुडबुडे काढणारा दगड) लावू नका; बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर अंडी वर चढून बाटलीला चिकटतात आणि कोरडीच राहतात. जवळ दिवा हवा. पाणी २६ ते २८ अंशांवर असेल तर २४ तासांत नारिंगी दिसू लागतं.

काढताना हवा बंद करून १० मिनिटं थांबा आणि तळाशी बॅटरीचा झोत धरा. रिकामी टरफलं वर तरंगतात, पिल्लं उजेडाकडे खाली येतात. तोटीतून येणारा पहिला घोट फेकून द्या, त्यात न फुटलेली अंडी असतात. टरफलं अशक्त माशाच्या आतड्यात अडकू शकतात, त्यामुळे इथे घाई नको. उरलेली पिल्लं बारीक जाळीत गाळून टाकीच्याच पाण्यानं धुवा. तोटीचा वायसर तिसऱ्या महिन्यात गळायला लागला. टेफ्लॉन टेपवर काम भागलं, पण या किमतीत हे खटकतं.

परभणीची हवा मात्र वेळापत्रक मोडते. डिसेंबर-जानेवारीत त्याच बाटलीला ४० तास लागले. एप्रिलमध्ये पाणी ३४ च्या वर गेलं की निम्मी अंडी वायाच. बाटली पाण्याच्या परातीत ठेवून ओलं फडकं गुंडाळलं, तेव्हा जमलं. लाईट गेली की अंडी तळाशी बसून गुदमरतात, बॅटरीवरचा एअरपंप घेऊनच ठेवा. अंड्यांचा डबा घट्ट बंद करून फ्रीजमध्ये.

आता खरी गोष्ट. पिल्लू बाहेर आल्यावर पहिले काही तासच मोलाचे, कारण पोषण अंगातल्या बलकाचं असतं. तो संपला की माशाच्या पोटात नुसतं पाणीच जातं. लगेच देणं होणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, दिवसभर टिकतात.

देताना पंप १५ मिनिटं बंद. काचेची छोटी बाटली वाळूवर आडवी ठेवून २० मिलीच्या सिरिंजला एअरलाइन नळी जोडून पिल्लं आतच सोडायची. टाकीतला दुसरा मासा, क्लाऊनफिश, बाहेर घोटाळतो, मँडरिन सरपटत आत शिरतो. दिवसातून चार वेळा, थोडंथोडं. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच सिरिंजमध्ये बारीक चिरलेलं गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखा छोटा जीव) मिसळत जा. पिल्लं माशाला खायला लावतात, अंग भरतं मायसिसनं. मायसिस वितळवून वरचं पाणी गाळून टाका, आणि लाईट जाऊन एकदा वितळलेलं पुन्हा गोठवून वापरू नका.

खाणं वाढलं की नायट्रेटही वाढतं. आठवड्याला १० टक्के पाणी बदला. ते खारं पाणी घरच्या आरओच्या पाण्यात बनवत असाल तर टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा) स्क्रू पूर्ण बंद आहे का पाहा. बहुतेक मशिनांत त्यातून बोअरचं पाणी थोडं मिसळत राहतं. मीठ घालण्याआधी टीडीएस मीटरवर १० च्या आत हवं.

भरपूर खाऊनही पोट भरत नसेल आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल, तर दुखणं आतड्यातल्या परजीवींचं असू शकतं. अशा माशाला आधी वेगळ्या टाकीत हलवा.