पीसीएम १८०८ चं बोर्ड : आठ महिने वापरल्यावर

आजोबांच्या कीर्तनांच्या चाळीसेक कॅसेट घरात पडून होत्या. त्या संगणकावर उतरवायच्या म्हणून पीसीएम १८०८ ही आवाजाचे आकडे करणारी चिप (एडीसी) बसवलेलं तयार बोर्ड मागवलं. साडेतीनशे रुपये. टेपडेकचा लाइन आउट आत, आयटूएसच्या, म्हणजे डिजिटल आवाजाच्या, तारा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला. चिप २४ बिटांची, ९६ किलोहर्ट्झपर्यंत जाते. मी ४८ वरच चालवतो. कॅसेटची खरखरच एवढी असते की याहून महाग काही घेण्यात अर्थ नव्हता.

पहिले पाच महिने तक्रार नाही. सव्वीस कॅसेट झाल्या. आवाज स्वच्छ, बोर्ड गरमसुद्धा होत नाही. मग झांजा फाटक्या यायला लागल्या. आधी डेकचं हेड स्पिरिटनं पुसलं, फरक शून्य. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये आवाजाची लाट मोठी करून बघितली तर एका बाजूचे माथे सपाट, तेही पातळी कमाल मर्यादेच्या बरीच खाली असताना. डावा-उजवा दोन्ही चॅनेल सारखेच. दोन्ही एकदम बिघडतात म्हणजे दुखणं सामाईक जागी असणार, आणि या चिपमध्ये सामाईक जागा म्हणजे १ नंबरची पिन, व्हीरेफ, म्हणजे लाटेचा मध्य ठरवणारा संदर्भ व्होल्टेज. तो घसरला की लाट एका बाजूला लवकर कापली जाते. खरं तर हे आधीच सुचायला हवं होतं. पण लाटेची मधली रेघ बरोबर शून्यावर दिसत होती, म्हणून मी तिकडे वळलोच नाही. चिपच्या आतला हायपास फिल्टर डीसी, म्हणजे लाटेची वर-खाली झालेली कायमची सरक, काढून टाकतो, त्यामुळे ती रेघ कायम शहाण्यासारखीच दिसणार, हे नंतर लक्षात आलं.

व्हीरेफ हा व्हीसीसीच्या, म्हणजे चिपला मिळणाऱ्या पुरवठ्याच्या व्होल्टेजच्या, निम्मा असतो. म्हणजे ५ व्होल्टला २.५. मला मिळाले १.७४. पण थांबा, व्हीसीसी किती? ४.६२! यूएसबीची केबल दोऱ्याएवढी बारीक होती. जाड केबल लावल्यावर व्हीसीसी ५.०२ झाला, तरी व्हीरेफ १.९ च्या पुढे सरकेना, आणि दुपारी खोली तापली की आणखी खाली. (शेजारच्या काकांनी त्यांचा जुना काट्याचा मीटर लावून आणखी कमी दाखवला. ही पिन नाजूक आहे, असा मीटरच तिला ओढून खाली आणतो. डिजिटल मीटरनंच मोजा.)

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, ‘चिप उडाली असेल, दुसरं बोर्ड घ्या.’ मला पटेना. चिप उडाली असती तर बाकी सगळं इतकं सुरळीत चाललं असतं का?

व्हीरेफ आणि अॅनालॉग ग्राउंडच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा एक पिवळा टँटलम कपॅसिटर होता. भिंग घेऊन बघितलं तर पट्टी ग्राउंडच्या बाजूला. अॅल्युमिनियमच्या कपॅसिटरवर पट्टी म्हणजे ऋण टोक. टँटलमवर ती धन टोक दाखवते. बसवणाऱ्यानं अॅल्युमिनियमच्या सवयीनं तो उलटा बसवला होता! उलटा टँटलम लगेच मरत नाही, हळूहळू त्यातून करंट गळायला लागतो, आणि उष्णतेत जास्त. व्हीरेफमधून थेंबभरच करंट मिळतो, तो सगळा या गळतीत जायचा.

कपॅसिटर काढला, चिपला हात लावला नाही, मीटर ठेवला. २.५१. त्या क्षणी एकटाच हसलो.

त्या जागी दोन रुपयांचा साधा १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक नीट दिशा बघून लावला. शेजारचा ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक होता तसाच ठेवला. सोल्डरिंगला पंधरा मिनिटं लागली, त्यातली दहा टोकं घासण्यात गेली. बोर्ड काढण्याआधी रास्पबेरी पाय बंद करून प्लग काढा, मी घाईत एकदा विसरलो होतो.

तीन महिने झाले, व्हीरेफ २.५० ते २.५१. झांजा पुन्हा खणखणीत आहेत. चिपला माझे पूर्ण गुण, बोर्ड जोडणाऱ्याला दोन तारे, तेही छपाई स्वच्छ आहे म्हणून. आणखी एक बोर्ड मागवलं आहे, पण या खेपेला लावण्याआधीच भिंग घेऊन पट्टी बघितली. तीही उलटीच.