एफएम२, ओएम-१ आणि के१०००: काही महिने आलटून-पालटून वापरल्यानंतर

मॅन्युअल फोकसच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या बॉड्यांचा (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचा) विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो, फोटो कोणाचा चांगला येतो? फोटो लेन्स आणि फिल्म मिळून काढतात. बॉडीने फिल्म सपाट आणि अंधारात धरायची, ठरलेल्या वेळेपुरतं शटर (फिल्मपुढचा पडदा) उघडायचं, बस. एवढं नीट झालं तर निगेटिव्ह बघून बॉडी कोणती होती ते कोणालाच सांगता येणार नाही. तरीही एक बॉडी रोज हातात येते आणि दुसरी कपाटात राहते. माझ्या मते याची कारणं दोनच: डोळ्याला आत काय दिसतं आणि बोटं कशावर पडतात. निकॉन एफएम२, ऑलिंपस ओएम-१ आणि पेंटॅक्स के१००० या तिन्हींवर ५० मिमी लेन्स लावून बरेच रोल काढले, आणि दर रोलगणिक हे मत पक्कंच होत गेलं.

ओएम-१ पासून सुरुवात करतो, कारण तिच्यावर माझा जीव आहे. १९७२ साली ही आली तेव्हा नाव एम-१ होतं, पुढच्या वर्षी ओएम-१ झालं. ऑलिंपसचे डिझायनर योशिहिसा माइतानींनी बॉडी लहान केली, पण व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, लहान होऊ दिला नाही. मॅग्निफिकेशन (आतलं चित्र किती मोठं दिसतं ते) ०.९२, आणि फ्रेमचा ९७ टक्के भाग दिसतो. एफएम२मध्ये हेच आकडे ०.८६ आणि ९३ आहेत. कागदावर फरक किरकोळ वाटतो. डोळा लावला की तसा वाटत नाही. ओएम-१मध्ये स्प्लिट इमेजकडे (फोकस जुळला की एक होणाऱ्या मधल्या दुभंगलेल्या चित्राकडे) न बघता, नुसत्या मॅट काचेवर पापण्या धारदार झालेल्या कळतात, त्यामुळे चेहरा फ्रेमच्या मधोमध आणून फोकस करून पुन्हा बाजूला न्यायची गरज राहत नाही. शिवाय शटर स्पीडची (शटर किती वेळ उघडं राहतं त्याची) रिंग लेन्सच्या बुडाशी आहे. डावा हात अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र), फोकस आणि स्पीड तिन्ही सांभाळतो, उजव्याला फक्त बटण आणि लिव्हर. सुरुवातीला बोटं वरच्या डायलकडेच जातात, पण तिथे फिल्मचा आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, आहे. एकदा सवय झाली की डोळा न काढता सगळं होतं.

आता मीटर, म्हणजे बॉडीतलं उजेड मोजणारं यंत्र. यावर लोक फारसं बोलत नाहीत आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच. ओएम-१ आणि के१०००मध्ये काटा आहे, एफएम२मध्ये अधिक, शून्य आणि उणे असे तीन लाल दिवे. खिडकीशी बसलेल्या माणसाचा फोटो काढताना मी आधी उजेडातल्या गालाच्या जवळ जाऊन काटा बघतो, मग सावलीतल्या गालाच्या. काटा वरून खाली घसरतो आणि तो किती घसरला यावरूनच दोन गालांमधला फरक डोळ्यांना कळतो. मग कुठे थांबायचं ते मी ठरवतो. एफएम२मध्ये नुसता अधिक पेटला तर एक्सपोजर (फिल्मवर पडणारा उजेड) एका स्टॉपपेक्षा, म्हणजे दुपटीपेक्षा, जास्त ओव्हर आहे एवढंच कळतं. दीड आहे की चार, ते डायल फिरवत गेल्याशिवाय समजत नाही. काटा 'किती' ते सांगतो, दिवा 'आहे की नाही' ते. उजेड वाचायला शिकायचा असेल तर काट्यासारखा गुरू नाही.

पण संध्याकाळ झाली की पारडं फिरतं. मंद उजेडात काळ्या कोपऱ्यातला काटा दिसेनासा होतो. त्यात या दोन्ही बॉड्यांचे उजेड मोजणारे सेल कॅडमियम सल्फाइडचे, कमी प्रकाशात सुस्तावणारे. काटा स्थिरावायला क्षणभर थांबावं लागतं. एफएम२चा सिलिकॉन सेल तिथल्या तिथे उत्तर देतो आणि दिवे अंधारातच जास्त छान दिसतात. घरातल्या कार्यक्रमांना मी डोळे झाकून एफएम२ नेतो.

१९८२च्या या बॉडीची दुसरी ताकद म्हणजे १/४००० सेकंदाचा शटर स्पीड. आयएसओ १००ची फिल्म, कडक ऊन आणि १/१०००ची मर्यादा असेल तर एफ/५.६च्या आसपास अडकायला होतं. १/४०००मुळे अॅपर्चर एफ/२.८पर्यंत उघडता येतं (एफचा आकडा लहान, तसं छिद्र मोठं) आणि मागची गर्दी विरघळते. आत बघताना डावीकडे स्पीड आणि वरच्या खिडकीत लेन्सवरचा अॅपर्चरचा आकडाही दिसतो. डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांना मात्र एक गोष्ट जाचते: मीटर चालू ठेवायला वाइंडिंग लिव्हर (फिल्म पुढे सरकवायचा दांडा) थोडी बाहेर काढावी लागते आणि ती कपाळाला टोचते.

के१०००बद्दल थोडक्यात. १९७६ ते १९९७ इतकी वर्षं निघालेली, भक्कम, निगुतीने साधी ठेवलेली बॉडी. सेल्फ-टायमर नाही, डेप्थ ऑफ फील्ड (पुढेमागे किती भाग स्पष्ट येईल ते) बघायची सोय नाही, मीटरला स्विचही नाही, लेन्सला टोपी घातली की काटा निजतो. शिकणाऱ्याला सगळे हीच सुचवतात. मी सुचवणार नाही. शिकताना स्पीड बदलला की काय बदलतं हे डोळ्यासमोर दिसायला हवं, आणि इथे आत आकडाच नाही. त्याच माउंटची (तेच लेन्स बसणारी) पेंटॅक्स एमएक्स स्पीड आणि अॅपर्चर दोन्ही दाखवते, शिवाय बरीच लहान आहे.

बॅटरीच्या सेलचं म्हणाल तर तिन्हींची शटरं सेलशिवायही चालतात, सेल लागतो तो फक्त मीटरला. ओएम-१ १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनलेली आणि ते सेल आता बंद झाले. १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला तर मीटर फसवतं, शिवाय त्याचा व्होल्टेज वापरागणिक उतरत जातो. मी श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल वापरतो. त्याचा व्होल्टेज जवळपास जुळतो आणि टिकून राहतो. पण स्टिकर काढून हवा लागली की तो काही आठवड्यांतच संपतो, म्हणून पाकीट जवळ ठेवावं. चांगला कारागीर आत व्होल्टेज उतरवणारा डायोड बसवून देतो, तो उपाय जास्त टिकाऊ.

जुनी बॉडी घेताना मागचं झाकण उघडून उजेड अडवणाऱ्या फोमच्या सीलवर बोट फिरवा. काळा चिकट थर बोटाला लागला तर सील बदलावे लागणार, आणि या वयाच्या बहुतेक बॉड्यांना ते लागतातच. ओएम-१मध्ये प्रिझमजवळचा (व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र दाखवणाऱ्या काचेजवळचा) फोमही बघून घ्या, तो कुजून प्रिझमचा मुलामा खातो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये डाग दिसतात. मग एक सेकंदावर शटर सोडून ऐका, अडखळला किंवा अर्ध्यात थांबला तर सर्व्हिस हवी.

चष्मा असलेल्यांनी ओएम-१ घेण्याआधी चष्म्यासकट डोळा लावून बघावा. चित्र इतकं मोठं आहे की चारही कोपरे एका नजरेत मावत नाहीत, आणि अशा वेळी एफएम२चं लहान चित्रच सोयीचं पडतं.