आईच्या खाटेशी आलेले वार्धक्यतज्ज्ञ: पुण्यातल्या एका रुग्णालयातला अनुभव

आई ८१ वर्षांची. न्यूमोनिया झाला म्हणून ॲडमिट केलं आणि दुसऱ्या रात्री ती बरळायला लागली. सलाईन उपसलं, मला ओळखेना, "गुरं बांधली का?" एवढंच विचारत राहिली. वॉर्डात मला सांगितलं गेलं, वय झालंय, व्हायचंच. तिसऱ्या दिवशी आमच्या फिजिशियननी वार्धक्यतज्ज्ञांना बोलावलं. हा रिव्ह्यू त्यांच्या सेवेचा.

डॉक्टर बाई खुर्ची ओढून आईसमोर बसल्या. मला पहिला प्रश्न न्यूमोनियाचा नव्हताच. पंधरा दिवसांपूर्वी आई काय काय करत होती? म्हटलं, अंघोळ स्वतःची स्वतः, देवपूजा, सकाळी खाली जाऊन दुधाची पिशवी आणायची. "मग हा म्हातारचळ नाही, डिलिरियम आहे, म्हणजे आजारपणात अचानक होणारा भ्रम. पूर्वी वात झाला म्हणायचे, तोच. कारण सापडलं की बहुतेकदा उतरतो." त्या वाक्यानं मला रडू आलं.

मग औषधांची पिशवी पलंगावर ओतली. तेरा प्रकार! केमिस्टकडून आणलेली सर्दीची गोळी लगेच बंद केली. या वयात अशा गोळ्यांनी भ्रम वाढतो, लघवीही तुंबते. झोपेच्या गोळीची सवय जुनी, म्हणून ती एकदम न तोडता हळूहळू कमी केली. बीपी आडवं असताना आणि उभं करून, दोन्ही वेळा मोजलं. उभं राहिल्यावर वरचा आकडा २८ नं उतरला. २० उतरला तरी पडायची भीती असते म्हणे. बीपीची एक गोळी निम्मी झाली. गरज नसलेली लघवीची नळी त्याच दुपारी काढली. कानाचं मशीन हरवेल म्हणून मी घरी ठेवलं होतं. ते, चष्मा आणि कवळी आणायला लावली. मशीन घातल्यावर आई पहिलं वाक्य नीट बोलली.

फिजिओथेरपिस्ट रोज यायचे. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत बसायचं: पहिल्यांदा ३८ सेकंद, घरी निघताना २१. घरी संडास भारतीय आहे का, रात्री बाथरूमपर्यंत उजेड असतो का, हेही विचारून घेतलं.

तक्रारी आहेत. रविवारी ही टीम नसते. त्या रात्री नर्सिंगच्या लोकांनी सोयीसाठी पुन्हा डायपर बांधला, आईला उठवलंच नाही. डिस्चार्जचा कागद सगळा इंग्रजीत. मी तीन पानं मराठीत लिहून फ्रिजवर लावली. आणि तिसरा दिवस उजाडावा लागला, हे मला अजून टोचतं. तुमच्या घरचं माणूस ऐंशीच्या घरात असेल तर पहिल्याच दिवशी या तपासणीची मागणी करा.

पाचपैकी चार. आई आता काठी घेऊन जिन्यापर्यंत जाते. दुधाची पिशवी सध्या मी आणते.