तयार किट की सुट्या भागांतून जुळवलेलं इंजेक्शन? कार्ब्युरेटरची गाडी बदलणाऱ्यांसाठी

कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन (दाबाखालचं पेट्रोल फवारणारी यंत्रणा) बसवायचं एवढं ठरलं की पुढचा प्रश्न येतो. थ्रॉटल बॉडी (हवेची झडप), पंप, ईसीयू (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा छोटा संगणक), हार्नेस (वायरींचा जुडगा) असं सगळं एका खोक्यात येणारं किट घ्यायचं, की दुसऱ्या गाडीची थ्रॉटल बॉडी, वेगळा पंप आणि स्पीडुइनो किंवा मायक्रोस्क्वर्टसारखा खुला (सगळे आकडे स्वतः बदलता येणारा) ईसीयू घेऊन स्वतः जुळवायचं? खालचा सगळा हिशेब एअर-कूल्ड, सिंगल सिलिंडर, ३५० सीसी आणि साधारण २० हॉर्सपॉवरच्या इंजिनाचा आहे. दोन सिलिंडरला आकडे बदलतील, मुद्दे फारसे बदलणार नाहीत.

एक गोष्ट आधीच उरकतो. हा खटाटोप ताकदीसाठी करत असाल तर करू नका. जेट नीट निवडलेला कार्ब्युरेटर पूर्ण थ्रॉटलला इंजेक्शनच्या फारसा मागे नसतो. फरक दिसतो तो अर्ध्या थ्रॉटलला, उंचावर गेल्यावर, आणि गाडी महिनाभर उभी राहून पायलट जेट (कार्ब्युरेटरचं संथ चालीचं बारीक भोक) तुंबतो तेव्हा.

दोघांनाही न चुकणारी कामं

किट घेतलं की टाकी आणि वायरिंगच्या कटकटीतून सुटका, असा समज असतो. तसं होत नाही. कार्ब्युरेटरची टाकी पेट्रोल नुसतं खाली सोडते, इंजेक्टरला मात्र साधारण ३ बार दाब लागतो. बाहेर बसवायचा पंप ढकलतो चांगला, ओढतो वाईट, म्हणून तो टाकीच्या तळाच्या खालीच हवा. व्हॅक्यूमवर चालणारा कॉक काढावा लागतो आणि पंपाकडे जाणारी वाट किमान ८ मिमीची लागते. जुन्या कॉकचं बारीक भोक ठेवलं तर गरम दिवशी पंपात वाफ धरते आणि गाडी थांबून थांबून चालते. दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरमधून परतणारं पेट्रोल टाकीतच सोडा. ते टी जोडून पुन्हा पंपाच्या तोंडाशी आणलं तर तेच पेट्रोल फिरून फिरून तापत राहतं.

परतीच्या नळीसाठी टाकीला तोंड जोडावं लागतं. पेट्रोल राहिलेल्या टाकीला, मग ती रिकामी का असेना, वेल्डिंग करणं जिवावर बेतू शकतं. त्यामुळे शक्यतो दुसरी टाकी घ्या, आणि टाक्यांचंच काम करणाऱ्या माणसाकडून करून घ्या. नळी इंजेक्शनचीच हवी (आर९ दर्जाची), कार्ब्युरेटरची साधी नळी या दाबाला टिकत नाही. क्लॅम्पही इंजेक्शनचे घ्या. स्क्रूने आवळायचे पट्टी-क्लॅम्प नळी कापतात. इंजेक्टरच्या ओ-रिंगला बसवताना थेंबभर इंजिन ऑइल लावा, कोरडी रिंग कडेला चिरते आणि गळती नेमकी गरम इंजिनावर होते.

दुसरं काम विजेचं. पंप, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सरचा (बाहेर जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन बघणारा) हीटर आणि ईसीयू मिळून ५-६ अँपिअर, म्हणजे ७०-८० वॅट जादा. जुन्या गाड्यांत हेडलाइट बरेचदा थेट एसीवर असतो आणि बॅटरीच्या वाट्याला जेमतेम वीज येते. तिथे स्टेटरची (वीज तयार करणाऱ्या कॉइलची) अर्थ केलेली टोकं मोकळी करून फुल-वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायर (एसीची डीसी करून बॅटरीला देणारा) बसवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. काहीही विकत घेण्याआधी एक चाचणी करा. हेडलाइटचा जादा ५५ वॅटचा बल्ब बॅटरीला जोडून गाडी नेहमीच्या वेगाने अर्धा तास चालवा. व्होल्टेज १३ च्या खाली रेंगाळत असेल तर आधी चार्जिंग सुधारा. मेलेल्या बॅटरीवर किक मारून निघायची सवय असेल तर ती इंजेक्शनबरोबर जाते, हेही धरून चला.

पंपाचा रिले ईसीयूच्याच ताब्यात हवा. चावी लावली की दोन-तीन सेकंद पंप चालून दाब भरावा, इंजिन फिरत नसेल तर बंद व्हावा. गाडी आडवी पडून इंजिन थांबलं आणि पंप चालूच राहिला, तर फुटलेल्या नळीतून पेट्रोल गरम सायलेन्सरवर जातं. पंपाला चावीवरून थेट वीज देणारी जोडणी दिसली तर ती, किटची असो की कुणाच्या सल्ल्याची, बाजूला ठेवा.

इंजेक्टरचा हिशेब

किटमध्ये हा निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो, आणि ती किटची खरी जमेची बाजू आहे. स्वतः जुळवताना हात सढळ सुटतो आणि इंजेक्टर मोठा घेतला जातो. ढोबळ हिशेब असा: हॉर्सपॉवरमागे मिनिटाला सव्वापाच सीसी पेट्रोल, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू नये. २० हॉर्सपॉवरला साधारण १३० सीसी येतात, म्हणजे १३० ते १५० सीसी प्रति मिनिटाचा इंजेक्टर पुरे.

मोठा का नको? ३५० सीसीला १५० चा इंजेक्टर घेतला तर सिलिंडर हवेने पूर्ण भरताना दर चक्राला (इंजिनाच्या दोन फेऱ्यांना) १५ मिलिसेकंदांच्या आसपास उघडा लागतो. ६००० आरपीएमला चक्र २० मिलिसेकंदांचं असतं, तेव्हा जागा पुरते. आयडलला (थ्रॉटल सोडून इंजिन नुसतं चालू असताना) हाच आकडा अडीच-पावणेतीनवर येतो, तरी चालतं. ३०० चा इंजेक्टर घेतला तर आयडलला सव्वा-दीड मिलिसेकंदच उरतो. इतक्या कमी वेळात इंजेक्टर दर वेळी सारखं पेट्रोल सोडत नाही आणि आयडल डुलत राहतं. ईसीयू दर फेरीला फवारा मारत असेल तर हा वेळ आणखी निम्मा होतो, म्हणून सिंगलला दोन फेऱ्यांत एकच फवारा ठेवा. इंजेक्टर उघडायला लागणारा मिलिसेकंदभराचा वेळ यात धरलेला नाही. तो व्होल्टेज पडलं की वाढतो, आणि खुल्या ईसीयूत ते कोष्टक तुम्हालाच भरावं लागतं.

थ्रॉटल बॉडी कार्ब्युरेटरच्या मापाची किंवा मिलिमीटर-दोन मिलिमीटर मोठी घ्या. त्यापेक्षा मोठी घेतली तर थ्रॉटलच्या पहिल्या दहा टक्क्यांतच सगळी हवा आत येते आणि संथ चालवताना गाडी झटके देते.

पिकअप आणि वेगाची खूण

कार्ब्युरेटरच्या गाडीत मॅग्नेटवर बहुधा एकच उंचवटा असतो. तो पिकअपसमोरून (फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरसमोरून) गेला की फेरीला एक पल्स. किट त्यावरच काम चालवतं, स्पार्क जुन्या सीडीआयकडे (ठिणगी देणाऱ्या डब्याकडे) ठेवतं आणि फक्त पेट्रोल सांभाळतं. खुला ईसीयू घेणाऱ्याला १२-१ किंवा ३६-१ दात्यांचं (एक दाता गाळलेलं) चाक खुणावतं, कारण मग टायमिंगही हातात येतं. माझं मत, सुरुवातीला हा मोह टाळावा. सिंगल सिलिंडर किक किंवा सेल्फवर एका फेरीत कमालीचा हळू आणि जलद होतो. एका पल्सवर ईसीयूने स्पार्क द्यायचा ठरवला तर किक उलटी बसू शकते. पुढे कधी दात्यांची रिंग बसवायचीच असेल तर ती लेथवर करून दाबून किंवा बोल्टने बसवा. मॅग्नेटवर वेल्डिंग केलं तर उष्णतेने चुंबकाची ताकद जाते.

विजेच्या गोंगाटाचा (ठिणगीमुळे वायरींत घुसणाऱ्या गडबडीचा) त्रास दोन्हीकडे असतो, किटमध्ये थोडा कमी. प्लग रेझिस्टरवाला (एनजीकेच्या क्रमांकात आर असलेला), पिकअपची वायर शिल्ड केलेली आणि ते शिल्ड एकाच टोकाला अर्थ केलेलं, ईसीयूची अर्थ थेट बॅटरीवर. एवढं केलं की मध्येच बंद पडण्याच्या बऱ्याच तक्रारी मिटतात.

पहिली दोन मिनिटं

माझ्यापुरता काटा इथे झुकला.

किटच्या जाहिरातीत स्वतः शिकणारा ईसीयू हा शब्द ठळक असतो. तो शिकतो हे खरं, पण कधी? ऑक्सिजन सेन्सर तापल्यावर आणि इंजिन ठरावीक तापमानाच्या वर गेल्यावर. बहुतेक किटांत नॅरोबँड सेन्सर असतो. तो मिश्रण १४.७ च्या (हवा आणि पेट्रोलच्या वजनाच्या प्रमाणाच्या) रिच म्हणजे जास्त पेट्रोलच्या बाजूला आहे की लीन म्हणजे कमी पेट्रोलच्या, एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. थंड इंजिनाला १२-१३ हवं असतं आणि तिथे हा सेन्सर आंधळा. म्हणजे चावी फिरवल्यापासून इंजिन तापेपर्यंतचा काळ किट कधीच शिकत नाही. तिथे कारखान्यात भरलेलं कोष्टक चालतं, आणि ते तुमच्या गाडीसाठी भरलेलं नसतं.

लक्षणं ओळखीची आहेत. सेल्फला एकदा पकडून लगेच बंद. दुसऱ्यांदा थ्रॉटल उघडून धरली तर चालते, सोडली की बंद. किंवा उलट, सुरू लगेच होते पण मिनिटभराने काळा धूर आणि प्लग ओला. कार्ब्युरेटरला अशा वेळी चोक अर्धा ओढून भागायचं. किटमध्ये हाताशी असते ती एकूण पेट्रोल काही टक्के कमी-जास्त करायची सोय. ती वापरून थंड इंजिन सुधारायला गेलात तर गरम झाल्यावर सेन्सर ती वाढ खोडून काढतो, आणि पूर्ण थ्रॉटलला, जिथे सेन्सरचं ऐकलं जात नाही, तिथे तीच वाढ गाडी रिच करते. एक दुखणं दाबलं की दुसरं वर येतं.

एअर-कूल्ड इंजिनात तापमानाचा सेन्सर कुठे बसतो यावरही बरंच अवलंबून असतं. ऑइलमध्ये बसवला तर हेड तापून गेलं तरी तो थंडच सांगतो, जादा पेट्रोल चालू राहतं आणि प्लग काळा पडतो. फिनला चिकटवला तर वाऱ्यावर आकडा हलतो. सगळ्यात बरं, हेडच्या धातूत भोक पाडून आटा पाडलेला किंवा हेडच्या बोल्टखाली दाबलेला. पण मग इंजिन गरम झालं असं मानायचा आकडाही वर न्यावा लागतो. पाण्याच्या इंजिनाला ६०-७० अंशांवर जादा पेट्रोल थांबवतात, हेडवरच्या सेन्सरला ८०-९० धरून बघावं. बंद किटमध्ये ही रेघ सरकवता येत नाही.

खुल्या ईसीयूत या काळाचे चार भाग वेगळे दिसतात आणि ट्यूनरस्टुडिओत (ईसीयूचे आकडे बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येक वेगळा बदलता येतो: चावी लावताक्षणीचा एक फवारा, सेल्फ चालू असतानाचा, सुरू झाल्यानंतर काही सेकंदांत ओसरणारा आणि इंजिन तापेपर्यंत हळूहळू कमी होणारा. सुरू झाल्यानंतरची वाढ २५ ते ४० टक्के, १०-२० सेकंदांत शून्यावर, इथून आरंभ करावा. पकडून लगेच बंद पडते त्याचं कारण बहुधा याच तिसऱ्या भागात असतं, आणि लोक चुकून सेल्फचा फवारा वाढवत बसतात. सेल्फ संपून इंजिन चालू झालं असं ईसीयू कोणत्या आरपीएमला मानतो तेही बघा. हा आकडा फार खाली असेल तर सिंगलच्या एका जोरदार ठोक्यालाच ईसीयू फसतो आणि पेट्रोल कमी करतो. ५०० च्या आसपास ठेवलं तर हा खेळ थांबतो.

वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचा नेमका आकडा सांगणारा, एलएसयू ४.९) लावलात तर सुरू झाल्यानंतर थोड्याच वेळात खरा आकडा दिसू लागतो. त्याचा हीटर इंजिन सुरू झाल्यावरच चालू होईल असं बघा, नाहीतर बेंड पाइपात साचलेल्या पाण्याच्या थेंबाने आतलं सिरॅमिक तडकतं. सेन्सरचं वायरचं टोक आडव्यापेक्षा किमान १० अंश वर राहील असा तो बसवा. एक सावधानता: मिसिंग होत असताना (काही ठोके न जळता जाताना) न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत येतो आणि मिश्रण लीन दाखवतो. त्यावर विश्वासून पेट्रोल वाढवलं तर मिसिंग वाढतं. सेन्सरच्या आधी गळणारा सायलेन्सरचा जोडही हीच फसवणूक करतो.

या कामाला वेळ लागतो, कारण इंजिन पूर्ण थंड व्हायला रात्र जाते. एका सकाळी एकच बदल, लॉग (ईसीयूने टिपलेली नोंद) साठवायचा, संध्याकाळी बघायचा. घाईने चार आकडे एकदम हलवले की कशाने काय झालं ते कळत नाही.

किट वाईट नाही. मल्टिमीटर हातात घ्यायचा कंटाळा, लॅपटॉप गाडीशी जोडायची हौस नाही, आणि हवामान वर्षभर उबदार, असं असेल तर किटने काम होईल आणि बरेच दिवस वाचतील. काही किटांबरोबर पूर्ण उघडं सॉफ्टवेअर येतं, त्यांच्याबाबत वरची बरीच तक्रार लागू होत नाही. पैसे देण्याआधी विक्रेत्याला नेमकं विचारा की सेल्फचं, सुरू झाल्यानंतरचं आणि तापण्याचं कोष्टक बदलता येतं का, आणि त्याचा पडद्यावरचा फोटो मागा. फोटोऐवजी फक्त टक्केवारी वर-खाली करायचं बटण आलं, तर मी सुट्या भागांकडे वळेन.